आरोग्यरक्षणात पूरक पोषणाचे स्थान

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, नीरा नदीच्या काठी वसलेले अकलूज हे सहकाराच्या आणि उसाच्या इतिहासातील एक ठळक नाव आहे. नदीकाठचा भुईकोट किल्ला गावाच्या जुन्या वैभवाची साक्ष देतो, तर शंकरनगर येथील सहकार महर्षी शंकरराव मोहिते पाटील सहकारी साखर कारखाना आणि जवळच माळीनगर येथे 1930 च्या दशकात उभा राहिलेला साखर कारखाना या परिसराच्या नव्या समृद्धीची ओळख करून देतात. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने येथील माळरानाचे रूप पालटले. दीर्घकाळ राज्यातील मोठ्या ग्रामपंचायतींत गणले गेलेले हे गाव 2021 मध्ये नगरपरिषद झाले. शाळा, महाविद्यालये, उपजिल्हा रुग्णालय, मोठी बाजारपेठ या सर्व सोयी येथे आहेत.

तथापि, जेथे पिकते तेथील प्रत्येक शरीराला पुरेसे पोषण मिळतेच असे नाही. साखरेने ऊर्जा मिळते, रक्त वाढत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी करणारी कुटुंबे या भागात येतात. पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्या स्त्रियांत कित्येक गर्भवती असतात, कित्येकींच्या कडेवर तान्ही मुले असतात. त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी खाली ओढून पाहिली, तर तेथे लाली दिसावयास हवी तेथे अनेकदा फिकटपणा दिसतो. हा फिकटपणा केवळ स्थलांतरितांपुरता मर्यादित नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या, म्हणजे 2015-16 च्या पाहणीत हे प्रमाण 48 टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत तर ते 68.9 टक्के इतके आढळले.

लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून सुरू असताना असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर पूरक पोषण म्हणजे काय, ते कोणाला, केव्हा आणि किती द्यावयाचे आणि ते पोटापर्यंत पोहोचते की नाही, या सर्व बाबी समजून घेणे आवश्यक आहे. गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

पूरक म्हणजे काय?

‘पूरक’ या शब्दातच त्याचा अर्थ आहे. जे मुळात आहे त्यातील उणीव भरून काढते ते पूरक. भाकरी, वरण, भाजी, दूध, फळे हे मूळ अन्न होय. त्यातून शरीराला कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे मिळतात. निरोगी प्रौढ मनुष्य, ज्याच्या ताटात धान्य, डाळ, पालेभाजी, थोडे दूध व एखादे फळ नियमित असते, त्याला सामान्यतः कोणत्याही गोळीची गरज भासत नाही.

परंतु आयुष्यात असे काही काळ येतात की त्या वेळी शरीराची मागणी ताटातील पुरवठ्यापेक्षा वाढते. गर्भारपण, स्तनपानाचा काळ, पहिली पाच वर्षे आणि किशोरवय हे ते काळ होत. दारिद्र्य, दीर्घ आजार, जंतांचा प्रादुर्भाव किंवा वार्धक्य यांमुळेही अशी तूट निर्माण होते. या तुटीच्या काळात शासनाकडून दोन प्रकारची मदत दिली जाते. पहिली म्हणजे पूरक आहार: अंगणवाडीतील गरम ताजा आहार, गर्भवती, स्तनदा माता व तीन वर्षांखालील बालकांसाठी घरी दिला जाणारा आहार, आणि शाळेतील मध्यान्ह भोजन. दुसरी म्हणजे सूक्ष्म पोषकद्रव्ये: लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या, कॅल्शियम, अ जीवनसत्त्वाचे डोस आणि आयोडीनयुक्त मीठ. पहिल्या मदतीने पोट भरण्यास हातभार लागतो. दुसरीचे प्रमाण चिमूटभर असते, परंतु तिच्याअभावी भरल्या पोटीही शरीर दुबळे राहते.

परळच्या प्रयोगशाळेतील शोध

आज प्रत्येक गर्भवती स्त्रीला दिल्या जाणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते. या आम्लाच्या शोधाची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात झाली, ही गोष्ट फारशी परिचित नाही. 1928 मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतील गर्भवती स्त्रियांमध्ये एक गंभीर रक्तक्षय आढळत होता आणि त्यात अनेक माता दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी या रोगाचा शोध घेण्यास प्रारंभ केला. हा रोग जंतूंमुळे होत असावा अशी शंका प्रथम होती. परंतु ज्या स्त्रियांच्या आहारात ताज्या भाज्या, फळे व प्रथिने नव्हती, त्यांच्यातच तो अधिक दिसून येई. त्यामुळे विल्स यांचे लक्ष आहाराकडे वळले.

पुढे त्यांनी दक्षिणेतील कुन्नूर येथेही प्रयोग केले. रक्तक्षय झालेल्या माकडांना यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाने बाजारात मिळणारा स्वस्त पदार्थ, दिला असता ती सुधारली. मुंबईतील रुग्ण स्त्रियांना तोच अर्क दिल्यावर त्यांचेही रक्त झपाट्याने वाढू लागले. 1931 मध्ये विल्स यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके कोणते द्रव्य आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, 1941 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून ते वेगळे केले आणि लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, जे द्रव्य गोळीतून दिले जाते ते मुळात पालेभाजीत आहे. दुसरी, ज्या माता मृत्यूच्या दारात उभ्या होत्या त्यांना केवळ भाजी खाण्याचा उपदेश करून भागले नसते. त्या वेळी पूरक द्रव्यच त्यांच्या उपयोगी पडले. अन्न आणि गोळी यांत विरोध नाही. प्रत्येकाचे स्थान व वेळ वेगळी आहे.

लोहाचा हिशेब

आपल्या भागातील आहार हिशेबाने तपासला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मंगळवेढ्याची ज्वारी ही सोलापूर जिल्ह्याची शान आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असते, बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम. एखादी स्त्री दिवसाला 300 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खात असेल तर तिला सुमारे 12 मिलिग्रॅम, आणि 50 ग्रॅम तूरडाळीतून आणखी 2 मिलिग्रॅम लोह मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाच्या आहारात दररोज 19 मिलिग्रॅम, तर प्रौढ स्त्रीच्या आहारात 29 मिलिग्रॅम लोह असावे. म्हणजे भाकरी आणि वरण मिळूनही गरजेच्या निम्मीच भर पडते. उरलेली भर पालेभाजी, कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, अळीव, आणि खात असतील त्यांच्या बाबतीत मांस व मासे यांनी काढावयाची असते.

आता गर्भवतीचा विचार करू. संपूर्ण गर्भारपणात शरीराला सुमारे 1000 मिलिग्रॅम अधिक लोह लागते. त्यापैकी सुमारे 300 मिलिग्रॅम गर्भ व वार यांसाठी, सुमारे 500 मिलिग्रॅम मातेचे वाढलेले रक्त तयार होण्यासाठी आणि उरलेले नित्याच्या झिजेसाठी खर्ची पडते. ही मागणी मुख्यतः शेवटच्या पाच महिन्यांत येते आणि तेव्हा दररोज 4 ते 6 मिलिग्रॅम लोह रक्तात शोषले जाणे आवश्यक असते. धान्य व भाज्या यांतील लोहाचा थोडाच अंश शरीर शोषून घेते. दहावा हिस्सा शोषला गेला असे मानले, तरी ताटात दररोज 40 ते 60 मिलिग्रॅम लोह हवे. केवळ भाकरीतून ते मिळवावयाचे तर किलोभर ज्वारीच्या भाकरी खाव्या लागतील. ही गोष्ट कोणाही मातेला शक्य नाही. म्हणूनच 60 मिलिग्रॅम लोहाची एक गोळी दिली जाते.

येथे काही प्रचलित समजुतींचाही विचार करावयास हवा. डाळिंब व बीट लाल असतात म्हणून ती खाल्ल्याने रक्त वाढते, असे मानले जाते. सोलापूरचे डाळिंब हे उत्तम फळ आहे, ते जरूर खावे. परंतु त्यात लोह अत्यल्प असते. रंग लाल असल्याने लोह असतेच असे नाही. गुळात साखरेपेक्षा लोह अधिक असते हे खरे, तथापि रोजच्या एका खड्यातून मिळणारे लोह गर्भवतीची तूट भरून काढू शकत नाही. याउलट लिंबू, आवळा व पेरू यांत लोह फारसे नसले तरी त्यांतील क जीवनसत्त्वामुळे भाकरी-भाजीतील लोह शोषले जाण्यास मदत होते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र लोहाचे शोषण रोखतो. डाळीवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा, एवढ्या साध्या बदलाने विनाखर्च लाभ होतो.

कोणाला, काय आणि किती?

2018 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात वयोगटानुसार मात्रा ठरवून देण्यात आल्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर औषध द्यावयाचे असते. त्यात 20 मिलिग्रॅम लोह व 100 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून एक गुलाबी गोळी आहे, तिच्यात 45 मिलिग्रॅम लोह व 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. हीच मात्रा गर्भवती स्त्रीने चौथ्या महिन्यापासून दररोज एक याप्रमाणे 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस लाल गोळीतून घ्यावयाची असते.

रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला गर्भवती स्त्रीत 11 ग्रॅम व इतर स्त्रियांत 12 ग्रॅम यांपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आहे असे मानतात. गर्भवती स्त्रीत ते 7 ग्रॅमच्या खाली गेल्यास तो तीव्र रक्तक्षय होय. अशा स्त्रीस केवळ गोळ्यांवर न ठेवता विनाविलंब रुग्णालयात पाठविले पाहिजे. बाळंतपणातील थोडासा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो.

अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर 1 लाख एककांचा असतो. त्यानंतर दर सहा महिन्यांनी 2 लाख एककांचा डोस पाच वर्षांपर्यंत, असे एकूण नऊ डोस द्यावयाचे असतात. रातांधळेपणा व डोळ्यांचा कोरडेपणा यांपासून बालकांचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू आहे. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा दिली जाते, कारण आकडेकृमी आतड्यातून रक्त शोषतात आणि दिलेले लोह व्यर्थ जाते. अनवाणी चालण्याच्या सवयीमुळे व उघड्यावरील शौचामुळे हे कृमी पसरतात. म्हणून शौचालयाचा वापर आणि पायात चप्पल हीसुद्धा रक्तक्षयावरील औषधेच म्हणावी लागतील.

मिठातील आयोडीन हे पूरक पोषणाचे सर्वांत यशस्वी उदाहरण होय. गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला आणि मे 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. येथे कोणाला गोळी गिळावी लागत नाही, आठवण ठेवावी लागत नाही. मीठ मात्र झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे, म्हणजे आयोडीन कमी उडून जाते.

गोळी पोटात का जात नाही?

लोहाच्या गोळीचे तसे नाही. ती शासनाच्या भांडारातून आरोग्य केंद्रात, तेथून आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आणि तिच्याकडून मातेच्या हातात पोहोचते. नोंदवहीत ‘वाटप’ अशी नोंद होते. परंतु हातापासून तोंडापर्यंतचा प्रवास कोणत्याही नोंदवहीत नसतो. घरोघरी चौकशी केली तर अर्धवट राहिलेल्या गोळ्यांची पाकिटे फडताळात, देव्हाऱ्यामागे किंवा गाठोड्यात सापडतात.

यामागील कारणे समजून न घेता मातांना दोष देणे उचित नव्हे. गोळीने मळमळते, पोटात जळजळ होते, शौचास खडा होतो व त्याचा रंग काळा होतो. याची आगाऊ कल्पना दिलेली नसल्यास स्त्री घाबरते आणि गोळी बंद करते. लोहाच्या गोळीने बाळ काळे होते किंवा बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, अशाही समजुती आहेत. सासूच्या मनात ही भीती असेल तर सुनेला गोळी घेणे कठीण होते. म्हणून सल्ला देताना सासू आणि पती यांनाही समोर बसविले पाहिजे.

यावरील उपाय साधे आहेत. गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने घ्यावी, म्हणजे मळमळ झोपेत जाते. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नयेत, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. पाणी व भाज्या अधिक घ्याव्यात. शौचाचा काळा रंग हे गोळी पोटात गेल्याचे चिन्ह आहे, आजाराचे नव्हे. हिमोग्लोबिन वाढले तरी शरीरातील साठा भरण्यासाठी गोळ्या पुढे चालू ठेवाव्यात. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण अनेक गोळ्या एकदम खाल्ल्यास त्या बालकाला विषासमान ठरतात.

उसाच्या फडातील माता

अकलूज परिसरात या कार्यक्रमाची खरी कसोटी गाळप हंगामात लागते. तोडणी कामगारांत पती-पत्नी मिळून एक कोयता मानला जातो. पत्नी आजारी पडली तर कोयता मोडतो, मजुरी बुडते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर राहते. त्यामुळे गर्भवती स्त्रीसुद्धा मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पहाटे चहा, दुपारी फडातच भाकरी व चटणी, रात्री कोपीवर परतल्यावर पुन्हा भाकरी, असा तिचा आहार असतो. पालेभाजी, दूध व फळ यांचा योग क्वचित येतो.

अशा स्त्रीची गर्भारपणाची नोंद तिच्या मूळ गावी झालेली असते, गोळ्या तेथील यादीत असतात आणि ती स्वतः दोनशे किलोमीटर दूर असते. बालकाचे नाव मूळ गावच्या अंगणवाडीत, आणि बालक उसाच्या बांधावर वाढ्यांच्या सावलीत. दोन्ही गावांतील नोंदी बिनचूक असूनही माता व बालक दोन्ही नोंदींच्या बाहेर राहतात. पाच-सहा महिन्यांचा हंगाम आणि 180 दिवसांची गोळी यांचा काळ जवळजवळ सारखाच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य कळते. एखाद्या स्त्रीचा पूरक पोषणाचा संपूर्ण काळच फडात निघून जातो.

2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला 600 कॅलरी व 18 ते 20 ग्रॅम प्रथिने, तर सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला 500 कॅलरी व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने देणाऱ्या आहाराचा हक्क दिला आहे. हा हक्क गावाच्या वेशीपाशी संपत नाही. अंगणवाड्यांसाठी 2021 पासून वापरात आलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद नव्या ठिकाणी करून घेण्याची सोय आहे. ही सोय वापरण्यासाठी कोप्या कोठे पडल्या आहेत, तेथे गर्भवती किती, बालके किती, याची माहिती हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यातच अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्रास मिळणे अगत्याचे आहे. कारखान्याचा शेतकी विभाग, मुकादम आणि ज्याच्या शेतात टोळी उतरली तो शेतकरी यांच्याकडे ही माहिती असतेच.

वेळेचे महत्त्व

पूरक पोषण किती द्यावे याइतकेच ते केव्हा द्यावे हेही महत्त्वाचे आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 या काळात हजारो स्त्रियांवर या संबंधीचा एक मोठा अभ्यास झाला. पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला एक खाद्यपदार्थ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला. एकंदर सर्व स्त्रियांचा विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु ज्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने तो खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमने अधिक भरले. गर्भारपणातील मधुमेहही हा पदार्थ खाणाऱ्या स्त्रियांत कमी आढळला.

पुण्याजवळील सहा गावांत 1993 पासून केईएम रुग्णालयातील संशोधकांनी चालविलेला अभ्यासही बोलका आहे. गर्भारपणात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती, असे त्यात दिसून आले. तसेच सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस व मासे यांतून मिळते, धान्य व भाज्यांत ते नसते. केवळ शाकाहार करणाऱ्या आणि दूधही पुरेसे न मिळणाऱ्या कुटुंबांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर अशा अन्य कमतरतेची तपासणी डॉक्टरांकडून करून घेणे आवश्यक ठरते.

या दोन्ही अभ्यासांचा मथितार्थ असा की, गर्भवतीच्या पोषणाची तयारी गर्भारपणापूर्वी, म्हणजे शाळेत शिकणाऱ्या मुलीपासून सुरू व्हावयास हवी. आठवीच्या वर्गात दिली जाणारी निळी गोळी ही या अर्थाने पुढच्या पिढीसाठी केलेली तरतूद आहे.

बाजारातील डबे

अलीकडे गावोगावच्या दुकानांत शक्तिवर्धक चूर्णे, प्रथिनांचे डबे आणि बहुजीवनसत्त्वांच्या बाटल्या मोठ्या प्रमाणावर दिसतात. तालमीतील तरुण आणि मुलांची उंची वाढावी म्हणून काळजीत असलेले पालक हे त्यांचे मुख्य ग्राहक आहेत. यातील प्रत्येक वस्तू निरुपयोगी आहे असे नाही. ज्याला वैद्यकीय सल्ल्याने तिची गरज आहे त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु निरोगी मुलासाठी अशा डब्यावर खर्च होणाऱ्या पैशांत कित्येक दिवसांची अंडी, दूध, शेंगदाणे व डाळी घरात येतील. अ व ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात, त्यांचा अतिरेक अपायकारक होतो. ‘अधिक ते चांगले’ हा न्याय येथे लागू पडत नाही.

असा पदार्थ घ्यावयाचाच असेल तर वेष्टणावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे काय, घटकद्रव्ये व मुदत लिहिलेली आहे काय, हे पाहावे. आरोग्यपूरक म्हणून विकला जाणारा पदार्थ हे औषध नव्हे, असे वेष्टणावर लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. तो रोग बरा करतो असा दावा कोणी करीत असेल, तर त्या दाव्यावर विश्वास ठेवू नये.

गावाचे कार्य

पूरक पोषणाचा पुरवठा शासन करू शकते. ते पोटात जाईल हे पाहणे गावालाच शक्य आहे. शिक्षकांनी ठरलेल्या वारी मध्यान्ह भोजनानंतर गोळी आपल्यासमोर घेण्यास सांगावे आणि स्वतःही मुलांबरोबर थांबावे. उपाशी पोटी गोळी देऊ नये. गोळी घरी नेण्यास देणे म्हणजे बहुधा ती वाया घालविणे होय. शाळेच्या आवारात शेवगा, कढीपत्ता व लिंबू यांची लागवड केल्यास परसबाग हाच पोषणाचा धडा होईल.

पंचायत सदस्यांनी दरमहा होणाऱ्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनास उपस्थित राहून तीन प्रश्न विचारावेत: किती मातांना गोळ्या दिल्या, किती मातांनी त्या घेतल्या, आणि दुसऱ्या तपासणीत किती जणींचे हिमोग्लोबिन वाढले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र तयार असते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले की कामाची दिशा आपोआप बदलते. दर महिन्याच्या 9 तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीस गावातील गर्भवती पोहोचतात की नाही, याकडेही लक्ष द्यावे. फडातील गर्भवतीला त्या दिवशी मजुरी बुडण्याची भीती न बाळगता जाता यावे, यासाठी मुकादमाशी बोलणे हे सदस्याचे शब्दवजन वापरण्याचे योग्य ठिकाण आहे.

अधिकाऱ्यांनी गोळ्यांच्या साठ्यात खंड पडणार नाही हे पाहावे. दोन आठवडे गोळी मिळाली नाही तर लागलेली सवय मोडते आणि ती पुन्हा लावणे पहिल्यापेक्षा कठीण जाते. गाळप सुरू होण्यापूर्वी महिला व बालविकास, आरोग्य आणि साखर कारखाना यांची एकत्र बैठक तालुक्याच्या ठिकाणी झाली, तर कोप्यांवरील माता व बालकांची यादी हंगामाच्या आरंभीच हाती येईल.

एका लाल गोळीची किंमत अत्यल्प आहे. तिच्यामागे मात्र परळच्या प्रयोगशाळेपासून गावच्या आशा कार्यकर्तीपर्यंत जवळजवळ शंभर वर्षांचे परिश्रम उभे आहेत. हे परिश्रम गाठोड्यात बांधून पडू नयेत. अकलूजच्या फडात मोळी उचलणाऱ्या मातेला रात्रीच्या भाकरीनंतर ती गोळी आठवणीने मिळाली आणि तिने ती विश्वासाने घेतली, तर पूरक पोषणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.